१ ऑगस्टची मैफल

५ ऑक्टोबर २०२३ पासून आपला पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघाल्या. त्याच वेळी राज्याच्या दुसऱ्या टोकाला सतन्यातून मैहर वेगळा झाला. आमच्या मोहगावच्या घरी त्या दिवशी पेढे आले. सगळे नवीन कलेक्टर ऑफिस कुठे होणार यावर बोलत होते. माझे काकाजी मात्र वेगळ्याच आनंदात होते. म्हणाले, "मैहर आता आपला जुळा भाऊ झाला नं! म्हणजे तो पिक्चर आता घरचाच समजा."

घरातल्या नव्या सुनेला काहीच कळलं नाही. मैहरचा आणि पिक्चरचा काय संबंध? बाकी आम्ही सगळे हसलो, कारण 'तो पिक्चर' म्हणजे कोणता हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार आणि पंडित रविशंकर यांचा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम. कार्यक्रम झाला १ ऑगस्ट १९७१ रोजी, रविवारी. चित्रपट आला मार्च १९७२ मध्ये. दिग्दर्शक सॉल स्विमर. या चित्रपटाला कथा नाही, नायक-नायिका नाहीत. लोक येतात, वाजवतात, गातात आणि जातात. तरी पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही जगभर लोक तो पुन्हा पुन्हा पाहतात. आमच्या घरातही पाहतात. असं का होतं, ते आपल्या अंकाच्या तरुण वाचकांना सांगावं म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण शाळेत १९७१ म्हणजे फक्त डिसेंबरचं युद्ध एवढंच शिकवतात. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं आणि लाखो माणसं गेली. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा तोंडावर, छावण्यांत पटकीची साथ, आणि पोरं उपाशी.

रविशंकर यांचं मूळ घराणं त्याच भागातलं, नडाइलकडचं. ते तेव्हा अमेरिकेत होते. एखादा कार्यक्रम करून २५,००० डॉलर जमले तर पाठवावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याला विचारलं. बीटल्स फुटून तेव्हा वर्षच झालं होतं. हॅरिसनने फोन फिरवायला सुरुवात केली आणि पाच-सहा आठवड्यांत सगळं जुळवून आणलं. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन खेळ झाले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० लोक आले आणि त्या एका दिवसात २ लाख ४३ हजार डॉलरच्या वर रक्कम जमली. ती युनिसेफला दिली.

चित्रपटाच्या सुरुवातीला पत्रकार परिषद आहे. एक पत्रकार हॅरिसनला विचारतो, जगात इतकी संकटं असताना तुम्ही नेमकं हेच का निवडलं? हॅरिसन अगदी साधं उत्तर देतो. एका मित्राने मदत मागितली म्हणून, बस्स. भाषण नाही, मोठा आव नाही. काकाजींना हा प्रसंग फार आवडतो. ते म्हणतात, आपल्याकडे शेजाऱ्याची विहीर खचली तर लोक फावडं घेऊन जातात ते काय निबंध लिहून जातात का?

आता हा चित्रपट मोहगावात कसा पोहोचला ते सांगते. काकाजी सत्तरच्या दशकात नागपूरला कॉलेजात होते. सौंसरहून छोट्या लाईनच्या गाडीने जायचं आणि हॉस्टेलवर राहायचं. तिथे एका मित्राकडे या कार्यक्रमाच्या तीन तबकड्यांचा संच होता. पेटीच्या कव्हरवर जेवणाच्या भांड्याजवळ बसलेल्या उपाशी मुलाचा फोटो. याच संचाला पुढे वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. काकाजींनी तो आधी रविशंकरांसाठी ऐकला, आणि दुसरी बाजू लावल्यावर गिटारच्या नादी लागले. चित्रपट मात्र पाहायला मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, व्हिडिओ कॅसेटवर.

त्या काळी आपल्याकडे व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे. रात्रभराचं भाडं, म्हणून रात्रभर पाहायचं. अंगणात सतरंज्या टाकायच्या, गल्लीतले सगळे यायचे. दोन हिंदी पिक्चर लोकांच्या पसंतीचे आणि तिसरा काकाजींचा, असा आमच्याकडे करार होता. तिसरा लागेपर्यंत अर्धी गल्ली झोपलेली असायची. जागी राहायची ती भजनी मंडळाची चार-पाच माणसं. त्यांना रात्र जागायची सवयच होती.

या भजनी मंडळामुळेच मला तो चित्रपट कळला असं म्हटलं तरी चालेल. एक गंमत सांगते. कार्यक्रमाची सुरुवात रविशंकर यांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्लारखाँ यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा अशी होते. वाद्यं सुरात लावून होतात न होतात तोच न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हेच वादन. रविशंकर हसून आभार मानतात आणि म्हणतात की तुम्हाला जुळवाजुळवच इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. जगभरच्या चाहत्यांचा हा लाडका प्रसंग. पण आमच्या अंगणात टाळ्या वाजायच्या आधीच ढोलकीवाले आजोबा सांगायचे, "थांबा बे, अजून ते लावूनच राहिले." मोहगावच्या माणसाला कळलं ते चाळीस हजारांना कळलं नाही, हे सांगताना काकाजींची छाती आजही फुगते.

भजनी मंडळाच्या आवडीनिवडी ठरलेल्या होत्या. बॉब डिलन गातो तेव्हा त्याच्याजवळ रिंगो स्टार उभा असतो, आणि त्याच्या हातात असते चक्क खंजिरी. बीटल्सचा ढोलवाला, जगातला एवढा प्रसिद्ध माणूस, आणि दुसऱ्याच्या गाण्याला बाजूला उभा राहून खंजिरी धरतोय! तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या आपल्या भागात याहून मोठी ओळख कोणती लागते? रिंगो त्या दिवसापासून आमच्या मंडळाचा झाला. हॅरिसनचा पांढरा सूट आणि आत संत्र्याच्या रंगाचा शर्ट पाहून एक बागाईतदार म्हणाले होते, हा आपल्याच मंडीत माल घेऊन आलेला दिसतो.

चाहत्यांचे वाद जगभर सारखेच असतात. कोणाला क्लॅप्टन आणि हॅरिसन यांच्या गिटारींची जुगलबंदी आवडते. क्लॅप्टन तेव्हा व्यसनाने इतका खंगला होता की तो येईल की नाही हेच शेवटपर्यंत नक्की नव्हतं. हे कळल्यावर त्याचं वादन वेगळं ऐकू येतं. कोणाला बिली प्रेस्टन आवडतो. ऑर्गनवर गाता गाता तो एकदम उठून रंगमंचभर नाचायला लागतो आणि कॅमेऱ्याला त्याच्यामागे धावावं लागतं. डिलनचे चाहते सांगतात की हॅरिसनच्या गाण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. तो खरंच मंचावर आल्यावर लोकांनी जो आवाज केला तो ऐकण्यासारखा आहे. मला स्वतःला आवडतात ती हॅरिसन आणि बॅडफिंगरचा पीट हॅम यांची काही मिनिटं. दोघेच, हातात साध्या गिटार. एवढ्या मोठ्या सभागृहात एकदम ओसरीवर बसल्यासारखं वाटतं.

चित्र काही फार सुबक नाही. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेलं, मग मोठं केलेलं, म्हणून दाणेदार दिसतं. कॅमेऱ्यांनी मध्येमध्ये दगा दिलेला. दोन्ही खेळांतून निवडून जोडलेलं. रिंगो आपल्याच गाण्याचे शब्द विसरतो आणि पुटपुटून वेळ मारून नेतो. तेही तसंच ठेवलेलं आहे. आज प्रत्येक चूक पुसून टाकता येते, म्हणून असेल, पण हे न पुसलेलं पाहायला बरं वाटतं.

आता मैहरबद्दल. त्या दिवशी मंचावर बसलेले रविशंकर आणि अली अकबर खाँ हे दोघेही मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य. अली अकबर तर त्यांचे चिरंजीव. रविशंकर १९३८ मध्ये परदेशातली नाचाची मंडळी सोडून मैहरला शिकायला आले. बाबा मूळचे पूर्व बंगालचे. त्यांचं शिबपूर हे गाव आज बांगलादेशात ब्राह्मणबाडिया जिल्ह्यात आहे, आणि अली अकबर यांचा जन्मही तिथलाच. म्हणजे गार्डनमध्ये त्या दिवशी वाजत होतं ते मैहरला शिकलेलं आणि ज्यांच्यासाठी वाजत होतं ती बाबांच्या गावाकडची माणसं होती. बाबा तेव्हा हयात होते. सप्टेंबर १९७२ मध्ये ते मैहरलाच गेले.

याच बाबांनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात आईबाप गमावलेली मुलं गोळा करून त्यांना वाद्यं शिकवली. त्यातून मैहर बँड उभा राहिला. जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून बाबांनी त्या मुलांसाठी नलतरंग नावाचं वाद्य केलं. तो वाद्यवृंद अजून आहे. अनाथ पोरांच्या हातात वाद्य देणारा गुरू आणि छावणीतल्या पोरांसाठी सतार वाजवणारा शिष्य. काकाजींना मैहर 'घरचा' वाटतो तो जिल्ह्याच्या नकाशापेक्षा जास्त या कारणाने.

आमच्या घरातली या चित्रपटाची सर्वांत मोठी आठवण मात्र वेगळीच आहे. काकाजी सरकारी शाळेत शिक्षक होते आणि काही वर्षं त्यांची बदली शेजारच्या बैतूल जिल्ह्यात होती. तिथे चोपना भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वस्त्या आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मासळी घ्यायला गेलो की आपण त्यांना भेटतो, पण ते तिथे कसे आले हे सहसा विचारत नाही. काकाजींच्या शाळेतले एक शिक्षक त्या वस्तीतले होते. एका पोळ्याला ते आमच्याकडे आले. मी तेव्हा दहाएक वर्षांची होते. रात्री व्हीसीआर आला आणि तिसऱ्या नंबरला काकाजींचा पिक्चर लागला.

पाहुणे सुरुवातीला पाय पसरून आरामात बसले होते. रविशंकर यांनी बंगाली धून सुरू केली तसे ते मांडी घालून बसले. ती धून पंधरा मिनिटांच्या वर चालते. संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग छावण्यांची, उपाशी मुलांची चित्रं आली. काकाजींना वाटलं, बंद करावं. पाहुण्यांनी हातानेच नको म्हटलं.

पिक्चर संपल्यावर ते हिंदीत बोलले. त्यांचं कुटुंब १९६४ च्या दंगलींनंतर निघालं होतं. रायपूरजवळच्या माना छावणीत ते तंबूत राहिले. दुधाच्या रांगेत हातात लोटा घेऊन उभं राहायचं काम त्यांचं, कारण घरातली मोठी माणसं लाकडं आणायला जायची. एक धाकटी बहीण तिथेच गेली. मग काही वर्षांनी बैतूलमध्ये जमीन मिळाली. एवढं सांगून ते म्हणाले, "ये हमारे लिए नहीं था. हमारे बाद जो आये, उनके लिए था. हमारे लिए किसी ने नहीं बजाया. पर बजाया, अच्छा किया."

अंगणात कोणी बोललं नाही. काकाजी इतकी वर्षं त्यांच्या टेबलाशेजारी बसून मस्टरवर सह्या करत होते, पण माना छावणीचं नाव त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भजनी मंडळाने पाहुण्यांना बोलावलं. त्यांनी त्यांच्या गावाकडचं एक कीर्तन म्हटलं. भाषा कोणालाच कळली नाही. दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाल्या आजोबांनी ठेका पकडला आणि मग सगळ्यांनी टाळ धरले. पुढे ते शिक्षक निवृत्त होईपर्यंत दर पोळ्याला आमच्याकडे येत. येताना मासे आणत, जाताना आंबिया बहाराची संत्री तयार असली तर पोतं घेऊन जात.

एवढं सांगितलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या कार्यक्रमाच्या पैशांचं सगळंच नीट झालं नाही. करमाफीची कागदपत्रं आधी केली नव्हती, म्हणून तबकड्यांचे आणि चित्रपटाचे लाखो डॉलर अमेरिकेच्या कर खात्यात कित्येक वर्षं अडकून राहिले. ज्या पोरांसाठी ते होते ती तोवर मोठी झाली. १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बांगलादेशात पोहोचले असं सांगतात. २००५ मध्ये चित्रपटाची डीव्हीडी आली, आणि आजही या कार्यक्रमाच्या विक्रीतून जॉर्ज हॅरिसन यांच्या नावाच्या युनिसेफच्या निधीत पैसे जातात. आपल्या मंडळातल्या ज्या तरुणांना पूरग्रस्तांसाठी कार्यक्रम करायचा असतो त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की गायक नंतर ठरवा, पावतीपुस्तक आणि नोंदणी आधी. पुढे १९८५ चा लाइव्ह एड आणि त्यानंतरचे असे सगळे मोठे कार्यक्रम याच वाटेने गेले.

माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. त्याला यातले तुकडे मोबाईलवर आधीच माहीत होते. क्लॅप्टनची दोन मिनिटं, डिलनची तीन. गेल्या वर्षी मोहगावला त्याने पहिल्यांदा पूर्ण पाहिला, काकाजींच्या शेजारी बसून. सतार सुरू झाल्यावर त्याचा हात पुढे ढकलायला गेला. काकाजी म्हणाले, "कायले पळवतं? बस नं जरा." तो बसला. शेवटी सगळे कलाकार निघून गेल्यावर त्याने गिटारबद्दल काही विचारलं नाही. त्याने विचारलं, ते चोपनाचे सर आता कुठे असतात? काकाजींनी त्याच रात्री त्यांच्या मुलाला फोन लावला.

मला वाटतं, या चित्रपटावर लोकांचं प्रेम इतकी वर्षं टिकलं ते याच्यामुळे. उत्तम वाजवणारे पुष्कळ आहेत आणि उत्तम चित्रीकरणही पुष्कळ आहे. पण इथे कोणी स्वतःसाठी आलेला नाही. एकाने मित्रासाठी हाक दिली, बाकीचे आपापली कीर्ती बाहेर ठेवून आले, आणि ज्याच्या हातात जे आलं ते त्याने वाजवलं, मग ती खंजिरी का असेना. आपल्या भजनाच्या रात्री यापेक्षा वेगळ्या नसतात. म्हणून न्यूयॉर्कचा कार्यक्रम मोहगावच्या अंगणात परका वाटत नाही.

१ ऑगस्ट म्हटलं की आपल्याकडे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. आमच्या घरच्या कॅलेंडरवर काकाजी त्याच चौकोनात पेनाने तिसरी नोंद करतात, नुसतं 'गार्डन' एवढंच लिहितात. यंदा आपल्या मंडळाच्या एखाद्या शाखेने त्या संध्याकाळी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा असं मला सुचवायचं आहे. लागतो दीड तासाहून थोडा जास्त वेळ. भिंतीवर पांढरी चादर आणि एक चांगला स्पीकर पुरे. वाद्यं लागत असताना टाळ्या वाजवू नका आणि बंगाली धून पळवू नका. तुमच्या ओळखीत चोपनाकडचं किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बंगाली वस्त्यांतलं कुटुंब असेल तर त्यांना आधी बोलवा, पुढच्या सतरंजीवर जागा ठेवा, आणि पिक्चर संपल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या उचलायला घेऊ नका. चहा थोडा उशिरा आणा.